जी वाक्यं आचार्यांची नव्हती

यशवंतपूर, बंगळूर
रविवार, ५ नोव्हेंबर १९६१

प्रिय आत्या,

तुझं पत्र येऊन महिना होत आला आणि मी उत्तर धाडलं नाही म्हणून तू बाबांजवळ कुरकुरलीस, हे आईच्या कार्डावरून कळलं. आळस केला असं मात्र समजू नकोस. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. आज सुट्टी आहे, घरमालकीण गंगव्वांनी उपिटाची बशी आणून ठेवली आहे, आणि मी दाराला कडी घालून बसलोय. हे पत्र लांबणार. तेव्हा तू आधी स्वयंपाकघर आवरून घे, पुढच्या खोलीत न बसता मागच्या पडवीत बस आणि एकटीच वाच. बाबांना दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर तूच ठरव.

आधी खुशाली, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. प्रकृती उत्तम आहे. गंगव्वा 'स्वल्प, स्वल्प' म्हणत पानात भाताचा डोंगर वाढतात. स्वल्प म्हणजे थोडं, असं मला इथे आल्यावर शिकवलं होतं, पण ते त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही. कारखान्यात मला आता तपासणीच्या खोलीत बसवलंय. तयार झालेले सुटे भाग घ्यायचे, मोजायचे, आणि केसाएवढी जरी चूक सापडली तरी बाजूला टाकायचे. सगळे कारागीर माझ्यावर चिडून असतात. मी त्यांना सांगत नाही, पण मनात म्हणतो की माझी आत्या इथे असती तर तुमचं आणखी कठीण झालं असतं. छापखान्यातून आलेल्या लग्नपत्रिकेत वधूच्या आजोळचा एक काना गेला होता, तर तू जेवण सोडून उठली होतीस, आठवतं ना?

आता मुद्द्याकडे येतो. इथे आम्हा मराठी लोकांचं एक छोटं वाचक मंडळ आहे. दोन कपाटं पुस्तकं, एक सतरंजी आणि नंदकिशोर नावाचे पुण्याचे एक उत्साही सेक्रेटरी, एवढाच संसार. तर या मंडळाला उन्हाळ्यात शोध लागला की भीमाचार्य अथणीकर गेली चार वर्षं बंगळुरातच राहतात. हो, तेच. दासप्पा मास्तरांच्या रहस्यकथा लिहिणारे. तुला ते नाव मी सांगायला नको. त्यांचा मुलगा इथे एका संशोधन संस्थेत आहे, त्याने जयनगरात नवं घर बांधलंय आणि वडलांना अथणीहून इकडे आणलंय. जयनगर म्हणजे अजून सगळी लाल माती, आखलेले रस्ते आणि अर्धवट भिंती. त्या भिंतींच्या मधोमध महाराष्ट्रभर गाजलेला माणूस मफलर गुंडाळून झोपाळ्यावर बसलेला असतो आणि शेजाऱ्यांना वाटतं, कुणी रिटायर्ड शाळामास्तर असतील. तेही खोटं नाही. तीस वर्षं ते मास्तरच होते.

ऑक्टोबरात त्यांना साठ पूर्ण होणार होती. नंदकिशोरांनी ठरवलं की सत्कार करायचा आणि त्या दिवशी 'भीमाचार्यांची वचने' अशी एक पुस्तिका काढायची. त्यांच्या कादंबऱ्यांतली गाजलेली वाक्यं लोकांच्या तोंडी आहेतच, ती गोळा करायला किती वेळ लागणार? मंडळात एक खोका ठेवला, सभासदांनी चिठ्ठ्या टाकायच्या. आणि चिठ्ठ्या घेऊन आचार्यांकडे जायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी अविवाहित आणि रविवारी रिकामा.

आत्या, पहिल्या रविवारी आम्ही दोघं इतके हसलो की त्यांच्या सूनबाई, प्रतिमावहिनी, कॉफी घेऊन आल्या आणि तशाच पेले घेऊन उभ्या राहिल्या. साठ-सत्तर चिठ्ठ्या होत्या. जगात जे काही शहाणपणाचं बोललं गेलं असेल ते सगळं लोकांनी आचार्यांच्या नावावर घातलं होतं. एक वाक्य दंतमंजनाच्या जाहिरातीतलं होतं. एक त्यांच्या एका प्रतिस्पर्ध्याचं होतं आणि ते त्यांना चांगलंच झोंबलं. एक चिठ्ठी नंदकिशोरांची स्वतःची होती. ते वाक्य त्यांच्या वडलांचं असल्याचं पुढे निघालं, वडील रोज सकाळी अंघोळीला जाताना म्हणायचे. आचार्यांनी झोपाळ्यावर तीन ढीग केले. माझी. माझी नाहीत, पण असती तर बरं झालं असतं. माझी नाहीत आणि नसलीच तर बरं. तिसरा ढीग सगळ्यात उंच झाला. 'खोटी मिशी उन्हात ओळखू येते' हे मात्र त्यांनी अभिमानाने पहिल्या ढिगात ठेवलं आणि म्हणाले, हे शंभर टक्के माझं, म्हणून तर इतकं साधारण आहे.

पण माझ्या लक्षात आलं की काही चिठ्ठ्या ते कुठल्याच ढिगात ठेवत नव्हते. वाचायचे, थोडा वेळ थांबायचे आणि सदऱ्याच्या खिशात घालायचे. गंमत अशी की त्यांतली वाक्यंच सगळ्यात गाजलेली होती. 'खोटं बोलणारा माणूस नको तेवढं आठवतो. खरं बोलणारा अधूनमधून विसरतो.' हे एकच वाक्य चौदा जणांनी पाठवलं होतं. 'ज्या घरात सगळं जागच्या जागी असतं, तिथे नुकतंच काहीतरी हलवलेलं असतं.' 'सत्य दुधासारखं वर येतंच. पण त्या वेळी चुलीपाशी कुणी उभं असावं लागतं.' आणि आणखी एक, ते मी थोड्या वेळाने लिहितो. मी विचारलं, ही तुमची नाहीत का? तर त्यांनी विषय बदलला आणि कारखान्यात संप होणार का ते विचारलं.

तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी मी गेलो तर त्यांनी झोपाळा सोडून मला आतल्या खोलीत नेलं. तिथे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात त्यांच्या सगळ्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची नाडी बांधलेली. त्यांनी एक सोडली, शेजारी छापील पुस्तक उघडलं आणि मला म्हणाले की सातव्या प्रकरणाचा शेवट दोन्हींकडे वाच. हस्तलिखितात शेवट असा होता: 'दासप्पा मास्तरांनी चष्मा पुसला.' बस, पूर्णविराम. छापील पुस्तकात मास्तरांनी चष्मा पुसला आणि मग ते खोट्या माणसाच्या आठवणीबद्दलचं वाक्य म्हणाले. मी दुसरं हस्तलिखित पाहिलं, तिसरं पाहिलं. अकरा कादंबऱ्या, अकरा वाक्यं. प्रत्येक पुस्तकात एकच. एकही त्यांच्या हस्ताक्षरात नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहितो. ते तेव्हा अथणीला होते, पुस्तकं बेळगावच्या छापखान्यात छापली जात. प्रुफं पोस्टाने मागवायची तर शाळा सांभाळून वेळ नसे, म्हणून तपासणी छापखान्यावरच सोडलेली. पहिल्यांदा ते आगंतुक वाक्य दिसलं तेव्हा त्यांचं डोकं फिरलं. छापखान्याचे मालक आप्पाजी यांना तीन पानी पत्र लिहिलं की माझ्या पुस्तकात कुणी हात घातला त्याला काढून टाका. पाकिटाला डिंक लावण्याआधी ते पत्नीला वाचून दाखवलं. त्या माउलीने छापील पान मागून घेतलं, वाचलं आणि म्हणाल्या, अख्ख्या पुस्तकात शेजारणीला जाऊन सांगावंसं एवढं एकच वाक्य आहे, आणि ते लिहिणाऱ्याला तुम्ही घालवताय. आचार्यांनी पत्र फाडलं. दुसरं पुस्तक आलं, त्यातही एक. तिसऱ्यात एक. आणि चौथ्यापासून, आत्या, ते मुद्दाम जागा सोडू लागले. प्रकरण अडलं की मास्तरांना चष्मा पुसायला लावायचे आणि थांबायचे. पुढचं वाक्य तिकडून येणार, हे ठरलेलं. नव्या पुस्तकांचं पार्सल आलं की स्वतःचं नाव बघायच्या आधी ते चष्म्याचं पान उघडत.

त्यांनी शोध घेतला नाही असं नाही. आप्पाजींना दोनदा विचारलं. आप्पाजी म्हणाले, आमच्याकडे मजकुराला कुणी हात लावत नाही, प्रुफं मी स्वतः डोळ्यांत तेल घालून तपासतो. एकदा आचार्य स्वतः बेळगावला जाऊन तासभर छापखान्यात उभे राहिले, जुळारी शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलताना बघत राहिले आणि त्यांतला कोण असेल याचा अंदाज बांधत परत आले. इतकी खुनी माणसं पकडली, पण हा एक माणूस मला सापडला नाही, असं म्हणून ते हसले. मग पंचावन्न साली बारावं पुस्तक आलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुढे काहीच नाही. कोरी जागा. त्यापुढच्या दोन पुस्तकांतही तसंच. वाचकांची पत्रं आली की मास्तर हल्ली नुसता चष्माच पुसतात. अठ्ठावन्न साली त्यांनी लिहिणं बंद केलं.

आता मी न लिहिलेली ती चौथी चिठ्ठी. 'गुन्हेगार कोण ते नंतर बघा. आधी घरात कोण जेवलं नाही ते विचारा.' हे पुस्तक सत्तेचाळीस सालचं. मी ते कॉलेजात असताना चोरून वाचलं, कारण तू घरात असली पुस्तकं वाचू देत नव्हतीस. तेव्हा हे वाक्य वाचून मला हसू आलं होतं की थोर लेखक आणि आमची आत्या अगदी एकसारखा विचार करतात. त्या रविवारी ट्रंकेपाशी बसून मी पहिल्यांदा वर्षं मोजली. बाबांचं घड्याळ हरवलं ते चव्वेचाळीस साली. मी नऊ वर्षांचा होतो. सगळ्यांचा संशय यल्लव्वावर होता, कारण भांडी घासायला तीच आत-बाहेर करायची, आणि ती बिचारी पदर तोंडाला लावून अंगणात उभी होती. तू दळण पाखडत होतीस. मान वर न करता आईला म्हणालीस की आधी घरात कोण जेवलं नाही ते बघा. आईने पाहिलं नाही, पण तू पाहिलंस. माझ्या ताटात भाकरी तशीच होती. घड्याळाची काच माझ्या हातून फुटली होती आणि मी ते तांदळाच्या पिंपात पुरलं होतं. दुपारी तू मला काही न विचारता पिंपापाशी नेलंस, आपण दोघांनी ते काढलं, आणि संध्याकाळी ते बाबांना त्यांच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. यल्लव्वाला तू त्या दिवशी दोन वेळचं जेवायला घातलंस. मी आजवर ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. काच कशी फुटली याचं बाबांना अजून आश्चर्य वाटतं.

एवढं आठवल्यावर बाकीचं आपोआप उलगडलं. आप्पाजी बाहेर काहीही सांगोत, मागच्या खोलीत तू दुपारी त्यांच्या छापखान्याची प्रुफं, ते लांब कागद, तपासत बसायचीस हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पंचांगं, शाळेची पुस्तकं, नाटकाच्या जाहिराती. कादंबऱ्यांचे कागद तू आमच्या दृष्टीस पडू देत नव्हतीस एवढंच. आणि पंचावन्नच्या दिवाळीत मी घरी आलो तर तू तपासणी सोडून दिली होतीस. डोळे अधू झाले म्हणालीस. बाबा हळहळले, आई तर तुझ्यापुढे दिवा सरकवायला लागली. पण मी त्याच सुट्टीत बघितलं होतं की आईला सुई ओवून द्यायला तुलाच हाक मारावी लागत होती. शिवाय बाबांच्या हातातल्या पेपराच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षर तू समोर बसून वाचून दाखवायचीस. तेव्हा मला ते विसंगत वाटलं नाही. आता वाटतं. त्या वर्षीच्या एका साप्ताहिकात 'भीमाचार्यांची अमोल वचने' अशी चौकट आली होती. आचार्यांनी ते कात्रण ट्रंकेत ठेवलंय. पाच वाक्यं आहेत. त्यातली चार तुझी.

तुला काय वाटलं असेल ते मी बसमध्ये बसून विचार करत राहिलो. इतकी वर्षं पुस्तकाच्या पोटात एखादं वाक्य सोडून देणं वेगळं आणि ते असं चौकटीत, दुसऱ्याच्या नावाखाली, जाड अक्षरांत बघणं वेगळं. आता हे उघडकीला येईल, आप्पाजींच्या छापखान्याची बदनामी होईल, भावाच्या घरात राहून आपण हे काय करून बसलो, असं तुझ्या मनात आलं असणार. आणि कदाचित थोडा रागही आला असेल. आला असला तर मला बरं वाटेल. माझं चुकत असलं तर लिही. पण तू त्यांचं काही नेलं नव्हतंस, आत्या. उलट दर वर्षी त्यांच्या घरात शिरून काहीतरी ठेवून आली होतीस.

मी त्या रविवारी आचार्यांना काही बोललो नाही. तुझं गुपित तुला न विचारता सांगायचा मला काय हक्क? तुला लिहून विचारायचं ठरवलं. पहिला फाडलेला कागद तोच. मग सत्काराची गडबड सुरू झाली. शाळेच्या हॉलमध्ये भिंतीभर वचनांच्या पाट्या लावायच्या होत्या. त्या रंगवायला खंडोजी पेंटर मिळाले. हाडाचे मराठे, पण इथे चार पिढ्या काढलेल्या. आमच्याशी मराठी बोलतात आणि रंगवतात कन्नड. आचार्यांनी त्यांना बजावून सांगितलं की यांतल्या अकरा पाट्या तांबड्या रंगात हव्यात, बाकीच्या काळ्या. खंडोजी म्हणाले, सरी, म्हणजे बरं. का ते कुणीच विचारलं नाही, सगळ्यांना वाटलं शोभा. सत्काराच्या सकाळी पाट्या लागल्या आणि मी गार पडलो. सगळ्यात मोठ्या तांबड्या पाटीवर 'खोटं बोलणारा माणूस नको तेवढं आटवतो' असं झालं होतं. ठ चा ट. खोटा माणूस बसलाय दूध आटवत. मला त्या क्षणी तुझी इतकी आठवण झाली की काय सांगू. दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी खडूने जमेल तेवढा ठ केला.

हॉल भरला होता. नंदकिशोरांचं भाषण झालं, हार झाला, पुस्तिकेचे गठ्ठे टेबलावर होते. आचार्य उभे राहिले. दोन मिनिटं अथणीच्या शाळेबद्दल बोलले, लोक हसले. मग त्यांनी हात वर करून तांबड्या पाट्या दाखवल्या.

"काळी अक्षरं माझी आहेत. तांबडी माझी नाहीत. ती कुणाची आहेत हे मला माहीत नाही, आणि त्यांच्याबद्दलच्या टाळ्या मी सतरा-अठरा वर्षं घेतल्या. आज साठीला त्या परत करतो. ज्याने कुणी ती लिहिली तो माणूस कुठे असेल, ऐकत असेल, तर त्याने एकदा मला भेटावं. मी रागावलेलो नाही. कधीच नव्हतो."

नंदकिशोर पुस्तिकेच्या गठ्ठ्यांकडे बघत होते. शेवटी मागच्या रांगेतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनी. लोकांना नेमकं काय कळलं देव जाणे. बऱ्याच जणांना वाटलं की हा आचार्यांचा विनय. पण मला माझ्या खुर्चीत बसवेना. भर सभेत तुझं नाव घेणार नव्हतो, ते नक्की. कार्यक्रम आटोपल्यावर मुलगा हयवदन गाडी आणतो म्हणाला, तर आचार्यांना चालायचं होतं. मी त्यांच्याबरोबर निघालो. जयनगरच्या त्या लाल रस्त्यावर, अर्ध्या बांधलेल्या एका घरासमोर, मी ते सांगून टाकलं.

"ती माझी आत्या आहे," मी म्हणालो.

ते थांबले. गळ्यात हार तसाच होता. मला वाटलं, घड्याळाची गोष्ट सांगावी लागेल, वर्षं सांगावी लागतील, सुई सांगावी लागेल. मी मनात पुरावे जुळवत होतो. त्यांनी पुरावा मागितलाच नाही. बाई आहेत, एवढंच स्वतःशी म्हणाले. मग, चुलीपाशी कुणी उभं असावं लागतं, हे लिहिणारा पुरुष मी शोधत होतो, माझ्यासारखा गाढव मीच. आणि मग त्यांनी मला जे विचारलं त्यासाठी मी हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलं.

"माझं लिखाण बिघडलं म्हणून त्यांनी सोडलं का रे?"

आत्या, तो माणूस सहा वर्षं हेच समजून बसला होता. त्याला वाटलं की त्या अनोळखी वाचकाला पुस्तक आवडेनासं झालं, म्हणून कोरी जागा आली. म्हणूनच त्यांनी लेखणी खाली ठेवली. प्रकृती, दमा, वय, ही सगळी लोकांना सांगायची कारणं. तू इकडे भीत होतीस की ते रागावतील आणि ते तिकडे खचले होते की तू रागावलीस. मी त्यांना साप्ताहिकातल्या चौकटीचं सांगितलं. त्यांनी रस्त्याकडेच्या विटांवर बसून घेतलं आणि बराच वेळ हसत राहिले. हसता हसता डोळे पुसले. चष्मा काढून पुसला, अगदी दासप्पा मास्तरांसारखा. मग म्हणाले की चल, भूक लागली.

तुझी परवानगी न घेता मी बोललो, ही माझी चूक. तू रागावलीस तर ते बरोबरच आहे आणि मी डिसेंबरात आलो की समोर उभा राहून बोलणी खाईन. पण मी ते तसंच पोटात ठेवलं असतं तर त्या माणसाचं काय झालं असतं, याचाही विचार कर. आणखी कुणाला मी सांगितलेलं नाही. नंदकिशोर अजून मला खोदून विचारतात आणि मी त्यांना कारखान्याच्या गप्पा सांगतो. आप्पाजींचं नावही कुठे निघणार नाही, असं आचार्यांनी आपण होऊन सांगितलंय. छापखाना आप्पाजींनी दुसऱ्याला विकून चार वर्षं झाली, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

प्रतिमावहिनी सांगतात की सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून घरात पहाटे पाचला कॉफी मागितली जाते. झोपाळा रिकामा असतो. ते आतल्या खोलीत पाटावर कागद घेऊन बसतात, मुलाला सुनेला दार ढकलायची मनाई आहे, आणि मधूनच मोठ्याने हसू ऐकू येतं. काल मी गेलो तेव्हा सहा प्रकरणं तयार होती. सहा, तीन आठवड्यांत. दमा कुठे गेला कुणास ठाऊक.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण सांगतो. ही सहा प्रकरणं आमच्या कारखान्यातले देवाप्पा शनिवारी बेळगावला येताना बरोबर आणणार आहेत. तपकिरी कागदाचं पुडकं असेल, ते तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. आचार्यांचा निरोप असा की एक वाक्य पुरणार नाही. सातवं प्रकरण सबंध तू लिहायचं, आठवं ते लिहितील, आणि पुढे तसंच. तुला हवं तर तू त्यांच्या सहा प्रकरणांतही खोडाखोड कर, ते म्हणाले, स्वल्प नको, भरपूर. आणि पुस्तकावर दोन्ही नावं छापायची. पुण्याच्या प्रकाशकांनी होकार दिलाय. मी विचारलं, नावांचा क्रम काय? तर म्हणाले, वर्णमालेप्रमाणे. अ च्या आधी काही नाही, तेव्हा अनुसूया वर आणि भीमाचार्य खाली. पहिलं पान त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून पुडक्यात सगळ्यात वर ठेवलंय. त्यावर तुझ्या नावापुढची जागा मात्र कोरी आहे, कारण आडनाव काय लावायचं ते त्यांनी मला विचारलं आणि मला सांगता येईना. चौदा महिन्यांच्या संसाराचं कागवाडकर, की सगळा जन्म जिथे गेला ते हुदलीकर, की कुणाचंच नको, नुसतं अनुसूया? आजवर हे तुला कुणी विचारलेलं नाही, मीही नाही. बाबांना विचारू नकोस, आईला विचारू नकोस. तुला जे छापलेलं बघायला आवडेल ते त्या पानावर तुझ्या अक्षरात लिही आणि पान परत पाठव. शाईने लिही.

तुझाच,
उपेंद्र